तीस वर्षे जुन्या घराचे नूतनीकरण : आधी भिंत पाडावी की आधी ओल शोधावी?

कोपरीकर_गृहिणी (प्रश्न)

नमस्कार. आम्ही ठाणे पूर्वेला कोपरीत राहतो. इमारत १९९३ची, तळमजल्यावर चार मजले, लिफ्ट नाही. आमचे घर दुसऱ्या मजल्यावर असून चटई क्षेत्रफळ ५८० चौरस फूट आहे. इतक्या वर्षांत दोनदा रंगकाम केले आणि एकदा स्वयंपाकघराचा ओटा बदलला, त्यापलीकडे घराला आम्ही हात लावलेला नाही. आता मुलाची दहावी मार्चमध्ये संपते आहे आणि सासूबाईंचे गुडघे न्हाणीघराच्या चार इंची उंबरठ्याला कंटाळले आहेत, म्हणून पावसाळ्यापूर्वी काम उरकावे असा विचार आहे.

घराच्या तीन तक्रारी आहेत. न्हाणीघर आणि आतली खोली यांच्यामधल्या भिंतीला जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत ओल असून रंगाचे पोपडे सुटतात. न्हाणीघराच्या छतालाही ओल आहे आणि एका कोपऱ्यात गिलावा पडून गंजलेली सळई दिसू लागली आहे. तिसरी तक्रार विजेची आहे. तारा मूळच्याच आहेत, चिनी मातीचे जुने फ्यूज अजून तसेच आहेत, आणि गिझर व वातानुकूलन यंत्र एकत्र चालू केले की फ्यूज उडतो.

आम्ही ज्या कंत्राटदाराला बोलावले त्याने साडेनऊ लाखांचा अंदाज दिला आहे, आणि आमच्याकडे आठ लाख आहेत. त्याच्या यादीत स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामधली भिंत पाडणे, गॅलरी बैठकीत घेणे, न्हाणीघरासह सगळीकडे जुन्या लादीवर नवी लादी बसवणे आणि सगळ्या घराला फॉल्स सीलिंग करणे, अशी कामे आहेत. न्हाणीघराच्या छताबद्दल विचारले तेव्हा तो म्हणाला, “त्याच्याखाली पीव्हीसीचे छत लावून देतो, ओल दिसणारच नाही.” एवढ्या मोठ्या अंदाजपत्रकात वॉटरप्रूफिंगसाठी एकच ओळ आहे आणि तिच्यापुढे ‘एकरकमी’ असे लिहिले आहे.

भरीला भर म्हणून सोसायटीच्या गेल्या सर्वसाधारण सभेत पुनर्विकासाचा विषय निघाला. यजमानांचे म्हणणे असे की, आज ना उद्या इमारत पाडायचीच असेल तर एक दिवाणखाना सजवावा आणि बाकीचे सोडून द्यावे. मला ते पटत नाही, पण नेमके काय करावे हेही उमगत नाही. पैसे मर्यादित असताना कामांचा क्रम कसा लावावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त_स्थापत्य

आपल्या प्रश्नातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य कंत्राटदाराचे आहे. छत लावले की ओल दिसणार नाही हे त्याचे म्हणणे खरेच आहे, आणि तीच अडचण आहे. काँक्रीट जोवर कोरडे आणि अल्कधर्मी असते तोवर आतली सळई सुरक्षित राहते. वर्षानुवर्षे हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा आत शिरत गेला की हे संरक्षण संपते, सळई गंजते, आणि गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्यामुळे तो भोवतालचे काँक्रीट फोडून बाहेर ढकलतो. आपल्याकडे खाडीवरची खारट हवा या कामाला हातभार लावते. सळई दिसू लागली याचा अर्थ हे सर्व काही वर्षे आत चालू होते. त्याखाली पीव्हीसीचे छत लावले तर पुढच्या वेळी ते आपल्याला दिसणार नाही, एवढाच फरक पडेल.

म्हणून छन्नी-हातोडा घरात येण्यापूर्वी ओल कुठून येते ते शोधावे. यासाठी फारसा खर्च येत नाही, थोडा धीर मात्र लागतो. पुरवठ्याच्या नळातली गळती बहुधा चोवीस तास चालू असते, कारण त्या नळात पाणी सतत दाबाखाली असते. सांडपाण्याच्या वाटेतली गळती वापरानंतर वाढते आणि काही तासांनी मंदावते. फक्त पावसाळ्यात वाढणारी ओल बाहेरच्या भिंतीतून किंवा खिडकीच्या सांध्यातून येत असते. रात्री झोपताना वरच्या घराचा न्हाणीघराकडे जाणारा कॉक बंद ठेवायला सांगा आणि सकाळी छत पाहा. दुसऱ्या दिवशी त्यांच्या न्हाणीघराच्या जाळीवर कापडाचा बोळा घट्ट बसवून जमिनीवर इंचभर रंगीत पाणी साठवा आणि पूर्ण दिवस वाट पाहा. आतल्या खोलीच्या भिंतीसाठी हीच परीक्षा आपल्या स्वतःच्या न्हाणीघरात करा.

त्या काळातल्या बहुतेक इमारतींत न्हाणीघराचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा नऊ इंच ते एक फूट खाली बसवलेला असतो. त्या खड्ड्यातून सांडपाण्याचे नळ जातात आणि त्यावर विटांच्या तुकड्यांचा भराव घालून लादी बसवलेली असते. लादीचे सांधे उघडे पडले की पाणी या भरावात मुरते आणि भराव स्पंजासारखा ते धरून ठेवतो. वरून नवी लादी चिकटवली तर आतले पाणी आतच राहते आणि भिंतीतून व खालच्या छतातून वाट काढते. त्यामुळे बैठकीच्या खोलीत लादीवर लादी चालेल, न्हाणीघरात ती मुळीच चालणार नाही. तिथे भराव स्लॅबपर्यंत काढावाच लागतो.

वजनाचा मुद्दाही आहे. राहत्या घरातल्या माणसांच्या आणि सामानाच्या भारासाठी स्लॅबची रचना दर चौरस मीटरला साधारण २०० किलो धरून केलेली असते. दोन इंच जाडीच्या सिमेंट-वाळूच्या थरावर बसवलेली नवी लादी दर चौरस मीटरला शंभर किलोहून अधिक भार वाढवते. तीच लादी जुन्या, पक्क्या लादीवर ॲढेसिव्हने चिकटवली तर हा भार पंचवीस-तीस किलोंच्या आसपास राहतो. म्हणजे जुन्या लादीवर सिमेंटचा जाड थर ओतून नवी लादी बसवणे, हा सगळ्यांत वाईट पर्याय आहे आणि नेमका तोच पुष्कळ ठिकाणी केला जातो. आधी जुनी लादी एकेक करून ठोकून पाहावी. पोकळ आवाज येईल ती काढून टाकावी. जमीन अर्धा-पाऊण इंच वर येईल, त्यामुळे दारे खालून तासावी लागतील याचीही तयारी ठेवावी.

भिंत पाडण्याबद्दल एवढेच सांगतो की, ती चार-साडेचार इंचांची आहे आणि वर बीम आहे म्हणून ती निरुपद्रवी, असा निष्कर्ष कंत्राटदाराने काढू नये. आपल्या इमारतीला तीस वर्षे झालेली आहेत, एका जागी सळई उघडी आहे आणि मूळ नकाशा कोणी पाहिलेला नाही. परवानाधारक संरचना अभियंत्याने जागेवर येऊन लेखी दिल्याशिवाय कोणत्याही भिंतीला हात लावू नये. त्या भेटीचे शुल्क संपूर्ण अंदाजपत्रकात नगण्य असते.

उघड्या सळईची दुरुस्ती ही गवंड्याच्या हाताने सिमेंट थापून होत नाही. सैल काँक्रीट सळईच्या मागच्या बाजूपर्यंत खरवडावे लागते, गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढावा लागतो, नंतर गंजरोधक लेप, जुने-नवे जोडणारा लेप आणि शेवटी पॉलिमरयुक्त मॉर्टर, असा क्रम असतो. पण वरची गळती थांबण्यापूर्वी हे केले तर पैसे वाया जातील.

खाडीकाठ_नेरुळ

वरील प्रतिसादातल्या साठवलेल्या पाण्याच्या परीक्षेबद्दल माझा अनुभव लिहिते, कारण ती न केल्याची किंमत आम्ही मोजली आहे. नेरुळच्या आमच्या घरात २०१९ साली न्हाणीघर स्लॅबपर्यंत उकरून नवे केले. वॉटरप्रूफिंगचा लेप दोन थरांत, एक उभा आणि एक आडवा, अगदी शास्त्रशुद्ध झाला. मात्र लादीवाला दुसऱ्याच दिवशी रिकामा होता आणि नंतर पंधरा दिवस मिळणार नव्हता, म्हणून कंत्राटदाराने पाणी साठवून पाहण्याची पायरी गाळली आणि आम्हीही होकार दिला. आठ महिन्यांनी खालच्या काकू ओली गादी दाखवायला वर आल्या. न्हाणी ट्रॅप (जाळीखाली सांडपाणी नळात नेणारा भाग) आणि लेप यांचा जोड सुटला होता. हातभर जागेतल्या चुकीसाठी निम्मी नवी लादी फोडावी लागली, आणि तोच रंग बाजारात मिळेनासा झाल्यामुळे आजही त्या कोपऱ्यात वेगळ्या छटेची लादी आहे.

म्हणून करारात स्पष्ट लिहून घ्यावे की लेप वाळल्यावर किमान ४८ तास पाणी साठवले जाईल, खालच्या घरात जाऊन छत पाहिले जाईल आणि त्यानंतरच पुढचे पैसे दिले जातील. भरावाच्या आधी एकदा आणि भरावानंतर लादीच्या आधी पुन्हा एकदा पाहिले तर उत्तम. लेप भिंतीवरही किमान फूटभर, आणि शॉवरच्या बाजूला डोक्याच्या उंचीपर्यंत चढवावा. आतल्या खोलीच्या भिंतीला ओल येते ती बहुधा याच जागेतून येते. जाळीकडे ढाळ दर चार फुटांना अर्ध्या इंचाहून कमी नसावा. लादी बसवताना बादलीभर पाणी ओतून पाणी कुठे रेंगाळते ते त्याच वेळी पाहावे, कारण लादी वाळल्यावर हा दोष दुरुस्त होत नाही.

सासूबाईंसाठी काही गोष्टी आत्ताच करून घ्याव्यात, नंतर त्या जमत नाहीत. उंबरठा चार इंचांवरून अर्ध्या इंचावर आणता येतो, पण त्यासाठी ढाळ आणि जाळीची जागा आधीच ठरवावी लागते. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे, कारण आत कोणी पडले तर आत उघडणारे दार त्यांच्याच अंगाला अडते. आधाराचे दांडे नुसते लादीत न रोवता विटेच्या भिंतीत खोल बोल्टने बसवावेत, आणि त्या जागेमागून नळ जात नाही ना, हे नळ झाकण्यापूर्वी पाहून ठेवावे. लादी घेताना दुकानात ती ओली करून तिच्यावर हात फिरवावा. दुकानातल्या प्रकाशात चकचकीत लादीच सुंदर दिसते हे मान्य आहे, पण तिथे आपल्या पायाखाली साबणाचे पाणी नसते.

स्वयंपाकघराबद्दल माझे मत थोडे जुन्या वळणाचे आहे. पावसाळ्यात आपल्या हवेत सिंकखालचे प्लायवूड फुगते आणि मग वाळवीला आयते आमंत्रण मिळते. सिंकखालचे खण मी कडप्पाच्या उभ्या फरश्यांचे करून त्यांना फक्त दारे लावली, आणि बाकीच्या ओट्याखाली ७१० क्रमांकाच्या भारतीय मानकाचे मरीन प्लाय वापरले. कडप्पाला ना बुरशी लागते ना वाळवी, आणि खर्चही कमी येतो. ओट्याची उंची कंत्राटदाराच्या ठरलेल्या मापाने न घेता स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या कोपरापासून चार-पाच इंच खाली घ्यावी. माझा पूर्वीचा ओटा दोन इंच उंच होता, आणि खांदे का दुखतात हे मला बारा वर्षे कळले नव्हते.

वायरमनचा_मुलगा

विजेचे काम लादी आणि रंग यांच्या आधी व्हावे, हे सर्वांना माहीत असते. तरीही अंदाजपत्रकात ते शेवटच्या पानावर जाते, कारण ते पाहुण्यांना दिसत नाही. तुमच्या घराचा फ्यूज उडतो ही सध्याच्या परिस्थितीत चांगली गोष्ट आहे. तो न उडता तार तापत राहिली असती तर अधिक वाईट झाले असते. कोणी जाड तार टाकून फ्यूज ‘मजबूत’ करून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

सर्व तारा बदला. दिवे-पंख्यांसाठी दीड, साध्या प्लगांसाठी अडीच आणि गिझर, वातानुकूलन व इंडक्शन शेगडीसाठी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घ्या, आणि या जड उपकरणांना प्रत्येकी स्वतंत्र सर्किट व स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) द्या. एकटा दोन हजार वॅटचा गिझर जवळजवळ नऊ अँपिअर खेचतो, त्यामुळे त्याच्या तारेवर दुसरे काही जोडणे बरे नव्हे. मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) हवीच. एमसीबी जास्त भार आणि शॉर्टसर्किट यांपासून तारेला वाचवते, माणसाला शॉक लागला तर आरसीसीबी वाचवते. दोघींची कामे वेगळी आहेत आणि एक असली म्हणून दुसरी नको असे होत नाही.

आरसीसीबी असली तरी अर्थिंग खरे असावे लागते. जुन्या घरांत अर्थिंगची हिरवी तार पाण्याच्या लोखंडी नळाला गुंडाळलेली मी अनेकदा पाहिली आहे. आता तुम्ही लोखंडी नळ काढून प्लॅस्टिकचे बसवाल, म्हणजे ते नावापुरते अर्थिंगही जाईल. इमारतीच्या मीटरखोलीपासून अर्थिंगची तार येते का, हे आधी पाहून घ्या. महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो. नवी उपकरणे धरून हिशेब करा आणि तो अपुरा असेल तर वाढवण्याचा अर्ज कामासोबतच द्या.

साडेचार इंची भिंतीत तारांसाठी लांब आडव्या खाचा मारू देऊ नका. खाच उभी असावी, आणि कॉलम-बीमला तर छन्नी लागताच कामा नये. फॉल्स सीलिंगचा एक फायदा मी मान्य करतो, की त्याच्या वरून तारा नेता येतात. पण तेवढ्यासाठी सर्व घराची उंची आठ इंचांनी कमी करण्याची गरज नाही. एका बाजूने पट्टा केला तरी भागते.

कोपरीकर_गृहिणी

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी आम्ही पाण्याची परीक्षा केली. आमच्या न्हाणीघरात साठवलेले हिरवे पाणी दुसऱ्या दिवशी दुपारी आतल्या खोलीच्या भिंतीच्या तळाशी उमटले, म्हणजे ती ओल आमचीच. छताच्या ओलीबाबत वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाने कॉक बंद ठेवायला संमती दिली आणि त्या रात्री ओलीत फरक पडला नाही. पाणी साठवू देण्यास मात्र ते तयार नाहीत. “आमच्या लाद्या शाबूत आहेत, तुम्हीच वरून छत लावून घ्या,” असे त्यांचे म्हणणे आहे. शेजारधर्म तीस वर्षांचा आहे, त्यामुळे भांडण नको, पण छताचे काय करावे? आणि पुनर्विकासाच्या प्रश्नावर अजून कोणी लिहिलेले नाही.

सचिव_नौपाडा

मी ठाण्यातील एका जुन्या सोसायटीचा सचिव असल्यामुळे या दोन्ही प्रश्नांशी माझी जुनी ओळख आहे. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार, न्हाणीघर, शौचालय, सिंक अशा घरातल्या वापरामुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च त्या सदस्याने करायचा असतो, तर पावसाच्या पाण्यामुळे आणि बाहेरच्या सामायिक नळांमुळे होणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. त्यामुळे कारण निश्चित होणे तुमच्या शेजाऱ्यांच्याही हिताचे आहे, कारण दोष बाहेरच्या उभ्या नळात निघाला तर त्यांना काहीच खर्च नाही. तुम्ही त्यांच्याशी थेट वाद न घालता सोसायटीला छायाचित्रांसह लेखी अर्ज द्या आणि समितीने तज्ज्ञाकडून दोन्ही घरांची पाहणी करावी अशी मागणी करा. तोंडी तक्रारीवर समिती काहीच करू शकत नाही. लेखी तक्रारीवर मात्र तिला उत्तर द्यावे लागते.

शिवाय तुमच्याकडे एक मोठा मुद्दा आहे, तो तुम्ही वापरलेला दिसत नाही. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांपुढच्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा करावे, असे उपविधी सांगतात. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५(अ) नुसारही तीस वर्षे झालेल्या इमारतीची तपासणी करून प्रमाणपत्र महापालिकेला द्यावे लागते. तुमच्या सोसायटीत हे परीक्षण झाले असेल तर अहवालाची प्रत मागा. झाले नसेल तर तुमच्या छतातली उघडी सळई हे ते तातडीने करून घेण्याचे पुरेसे कारण आहे. परीक्षक आले की वरच्या घरातही जातीलच, आणि तेव्हा नाही म्हणणे कोणालाही अवघड जाते.

कामापूर्वी सोसायटीला कामाचे स्वरूप, नकाशा आणि कालावधी लिहून द्या. रंग, लादी, गिलावा यांना महापालिकेची परवानगी लागत नाही, पण संरचनेत बदल करायचा असेल तर लागते. गॅलरी आत घेण्याच्या फंदात पडू नका. गॅलरीची कठडा-भिंत पाडून तिच्यावर जड लादी, कपाट आणि माणसे यांचा भार टाकला जातो, आणि पुढे आलेला तो स्लॅब त्यासाठी रचलेला नसतो. राडारोडा पोत्यांत भरून त्याच दिवशी खाली उतरवण्याची अट करारात टाका. दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय, न्हाणीघराचा सगळा भराव उतरवायचा म्हणजे किती पोती होतील आणि मजुरी कोण देणार, हे आधी न ठरवल्यामुळे आमच्याकडे एक काम चार दिवस बंद पडले होते आणि जिन्यातून चालणे मुश्कील झाले होते.

पुनर्विकासाबद्दल सांगायचे तर सभेत विषय निघणे आणि घर रिकामे करण्याची तारीख येणे, यांत पुष्कळ अंतर असते. ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयाने सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खालील कार्यपद्धती ठरवून दिली आहे. त्यात प्रकल्प सल्लागार नेमणे, व्यवहार्यता अहवाल, निविदा, विकासकाची निवड आणि करार असे टप्पे येतात आणि प्रत्येक टप्प्यावर सभा होते. नौपाड्यात अरुंद रस्त्यांमुळे आणि इतर कारणांमुळे वर्षानुवर्षे अडलेल्या इमारती मी पाहतो आहे. तोवर राहायचे याच घरात असते.

मोजूनमापून

सर्वांनी भिंत पाडण्याला इतका विरोध केला आहे की दुसरी बाजू मांडावीशी वाटते. ५८० चौरस फुटांच्या घरात स्वयंपाकघर बंद पेटीसारखे असेल, तर दिवसभर तिथे उभे राहणाऱ्या बाईला उजेड आणि बोलणे दोन्ही मिळत नाही, आणि हा प्रश्न गळतीइतकाच खरा आहे. अभियंत्याने परवानगी दिली तर पूर्ण भिंत न पाडता ओट्याच्या उंचीवर साडेतीन-चार फूट रुंदीची उघडी जागा ठेवून वर लिंटेल (वरच्या भिंतीचा भार पेलणारी आडवी पट्टी) टाकता येते. फोडणीचा धूर बैठकीत येणार नाही यासाठी खिडकीत जोरदार एक्झॉस्ट पंखा मात्र हवा. गॅसचा नळ त्याच भिंतीवर असेल तर तो हलवण्याचे काम गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्यावे.

पुनर्विकासाची टांगती तलवार असताना मी खर्चाची विभागणी वेगळ्या पद्धतीने करतो. घर सोडताना बरोबर नेता येईल त्यावर हात सैल सोडावा, आणि भिंतीत गाडले जाणारे फक्त गरजेपुरते करावे. सुटी कपाटे, पंखे, दिवे, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, वातानुकूलन, हे सगळे नव्या घरात जाते. भिंतीला ठोकलेली वॉर्डरोब आणि फॉल्स सीलिंग भंगारात जाते. तुमच्या यजमानांचा हिशेब या ठिकाणी नेमका उलटा आहे.

निवृत्त_स्थापत्य

लिंटेलसह मर्यादित उघडी जागा ठेवण्यास माझी हरकत नाही, मात्र अभियंत्याने आधी पाहावे हे कायम. ‘गरजेपुरते’ या शब्दाबद्दल मात्र सावध राहावे. न्हाणीघर, नळ आणि तारा यांत अर्धे काम असे काही नसते. लोखंडी नळांचा निम्मा भाग बदलून निम्मा ठेवला तर पुढची गळती त्या जोडापाशीच होते. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी आणि थंडसाठी यूपीव्हीसी असे प्लॅस्टिकचे नळ एकदाच पूर्ण घालून घ्यावेत आणि झाकण्यापूर्वी दाब देऊन तपासावेत.

कोपरीकर_गृहिणी

आमचे ठरले ते लिहिते. सोसायटीला अर्ज दिला आणि समितीने पाहणीसाठी अभियंता बोलावला. त्याने वरच्या घरात पाणी साठवून घेतले. दोष त्यांच्या न्हाणी ट्रॅपच्या जोडात निघाला, आणि त्यांचे व आमचे न्हाणीघर एकाच वेळी, एकाच गवंड्याकडून करायचे असे दोन्ही घरांनी ठरवले. तसे केल्याने त्यांच्या साठवलेल्या पाण्याची परीक्षा आमच्या छतावर आणि आमची परीक्षा खालच्या काकांच्या छतावर होईल. छताच्या सळईची दुरुस्ती त्यानंतर. फॉल्स सीलिंग, गॅलरी आणि सगळीकडची नवी लादी यादीतून काढली. बैठकीतली जुनी लादी फक्त पॉलिश करून घेणार आहोत. विजेचे काम पूर्ण, न्हाणीघर पूर्ण, सिंकखाली कडप्पा, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीत अभियंत्याने मान्य केलेली साडेतीन फुटांची उघडी खिडकी. हे सगळे सव्वासहा लाखांत बसते आहे, उरलेले अडीअडचणीला ठेवले आहेत. यजमानांना एक चांगला पंखा आणि दिवा मंजूर झाला आहे.

आता एकच शंका उरली. घरात एकच न्हाणीघर आहे आणि काम तीन आठवडे चालेल. राहायचे कुठे?

खाडीकाठ_नेरुळ

तीन आठवडे धरले असतील तर पाच धरा. लेप, भराव आणि पाण्याच्या दोन परीक्षा यांच्यामधले दिवस कोणी मोजत नाही, शिवाय होळीला गावी गेलेले कारागीर सांगितलेल्या दिवशी परत येतीलच असे नाही. शक्य असल्यास होळीनंतरच काम सुरू करा, आणि एप्रिलअखेर संपेल असा हिशेब ठेवा, म्हणजे रंगाच्या आधी गिलाव्याला वाळायला मेचे ऊन मिळेल. सासूबाईंना तेवढे दिवस नातेवाइकांकडे पाठवा. जिन्यातली धूळ आणि ठोकाठोकी त्यांना सोसणार नाही. तुम्ही स्वतः दिवसातून दोनदा तरी कामावर जाता येईल अशाच अंतरावर राहा. आणि लादी बसण्यापूर्वी चारही भिंतींवरचे नळ मोजपट्टी लावून फोनवर टिपून ठेवा. आधाराच्या दांड्यांसाठी भोके पाडायला येणारा माणूस वेगळा असेल, आणि त्याला ती छायाचित्रे लागतील.